सहीस नकार

हे मी लिहायला घेतलं म्हणजे मला पस्तावा झालाय आणि मी सुधारलोय, असं कुणी समजू नये. ज्यांना पस्तावा होतो ती माणसं वेळेवर येतात. मला उशीर झाला आणि तो मी ठरवून केला. यात कुणाचंही नाव घालणार नाही. ही माणसं इथलीच आहेत, बाजारात, पेट्रोल पंपावर समोर येतात. नावं न घालण्याचं आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगेन.

मी इनामगावचा. नदीच्या काठाला आमचं रान आहे, ते भाऊ बघतो. मी पुण्यात शिकलो आणि शिरूरला एका छोट्या कंपनीत लागलो. हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा जण बसायचो आणि आसपासच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून द्यायचो. खाली पत्रे आपटायचे, वर आम्ही जगाला शिकवायच्या गोष्टी बोलायचो. त्या सहांत मी सगळ्यात हुशार आहे याबद्दल मला शंका नव्हती, आणि बाकीच्यांना ती असली तर ते मला सांगत नव्हते.

एक जण सांगायची. ती दौंडची. तिचे वडील रेल्वेत स्टेशन मास्तर होते, आयुष्य छोट्या छोट्या स्टेशनांवर गेलेलं. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, कामाला पक्की, आणि नव्या गोष्टींवर तिचा फारसा विश्वास नव्हता. मी तिला तोंडावर ‘म्हातारी’ म्हणायचो. ती हसायची नाही.

दौंड तालुक्यात, हायवेपासून थोडी आत, एक खासगी डेअरी आहे. तिथल्या मॅनेजरनं आम्हाला बोलावलं. गावागावांतून दुधाचे टँकर येतात, गेटवर थांबतात, लॅबमध्ये सॅम्पल जातं, दूध चांगलं असेल तर टाकीत उतरवतात, नाहीतर टँकर परत. हे सगळं वहीत चालायचं. त्याला ते कॉम्प्युटरवर हवं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं माझं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि दोन्ही ऐकल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाला, “मंग आपलंच की ओ. पाव्हणं, चहा घ्या.” तिथून पुढे मी त्याचा पाव्हणा झालो. माझ्यासोबत आलेल्या तिला त्यानं चहा विचारला नाही.

लॅबमध्ये एक केमिस्ट होते. पन्नाशीचे, बीएस्सी झालेले, केडगावचे. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला सर म्हणायचे. मला आणि मॅनेजरला नमस्कार करायचे, घरून फोन आला की ‘जय भीम’ म्हणायचे आणि आवाज जरा खाली घ्यायचे. फॅट काढायला ॲसिड लागतं, त्यात वीस-बावीस वर्षं काढल्यामुळे त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार गेल्या होत्या. टोकं गुळगुळीत, पिवळट. लॉगिनसाठी मी बोटाच्या ठशाचं मशीन बसवलं, ते सगळ्यांची बोटं घ्यायचं, यांचं एकही घेईना. दहाही बोटं लावून झाली. मॅनेजर दारात उभा राहून म्हणाला, “मशीनला बी कळतंय बघा कुणाला घ्यायचं न् कुणाला न्हाई.” मी हसलो. हसायलाच पाहिजे असं नव्हतं, तरी हसलो. मग मी लॅबच्या कॉम्प्युटरवर त्यांचं लॉगिन कायमचं उघडं ठेवून दिलं आणि त्यांना सांगितलं, हे बंद करू नका, परत चालू करायला मला शिरूरहून यावं लागेल.

त्यांची वही मात्र बघण्यासारखी होती. मोठं जाड रजिस्टर, स्वतः पट्टीनं आखलेलं. टँकरचा नंबर, वेळ, कोणकोणत्या तपासण्या केल्या, निकाल. टँकर परत पाठवायचा असेल तर ते त्या ओळीत लाल शाईनं ‘रिजेक्ट’ लिहायचे आणि ड्रायव्हरला आत बोलावून त्याच ओळीपुढे त्याची सही घ्यायचे. ड्रायव्हर सही द्यायला तयार नसेल तर भांडायचे नाहीत. थोडा वेळ थांबायचे, मग त्याच्यासमोर लिहायचे ‘ड्रायव्हर हजर. सहीस नकार’, आणि खाली स्वतःची सही. रिजेक्ट झालेला टँकर कुणाला घ्यायचाच असेल तर त्यानं त्या ओळीखाली स्वतःच्या हातानं ‘पुन्हा तपासले’ असं लिहून सही करायची, असा तिथला रिवाज होता. ते रजिस्टर मी चाळलं. तसं लिहायला कुणी धजावलेलं दिसत नव्हतं.

आता ते सॉफ्टवेअर काय होतं हे सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. साधारण सॉफ्टवेअरमध्ये आत्ता काय आहे तेवढं साठवतात. टँकर स्वीकारला, झालं. काल काय होतं ते पुसून त्यावर आजचं लिहितात. आमच्यात तसं नव्हतं. आमच्यात जे जे घडलं ते घडल्या क्रमानं लिहायचं: टँकर आला, सील तपासलं, सॅम्पल काढलं, निकाल दिला. आत्ता काय आहे ते या नोंदी पहिल्यापासून वाचून काढायचं. चुकलं तरी जुनी नोंद बदलायची नाही, दुरुस्तीची नवी नोंद घालायची. दौंडवालीला हे समजावून सांगायला मी फळ्यावर चित्रं काढू लागलो तर ती म्हणाली, “हे मला कशाला शिकवतोस? गाड्यांच्या रजिस्टरात माझे वडील हेच करायचे. खाडाखोड केली तर नोकरी जायची. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही.”

प्रश्न होता तो या नोंदी ठेवायच्या कशात. तिचं म्हणणं, साधा डेटाबेस घे, वर्षानुवर्षं लोक वापरतात तो. त्यात एक टेबल कर. नवी ओळ घालायची परवानगी दे, जुनी बदलायची किंवा काढायची कुणालाच देऊ नकोस, तुलासुद्धा नको. दुसरा पर्याय खास अशाच कामासाठी बनवलेल्या स्टोअरचा, म्हणजे नोंदी साठवायच्या सॉफ्टवेअरचा, होता, तो आम्हा दोघांनाही नीट येत नव्हता. तिसरा पर्याय मला हवा होता. त्याबद्दल मी पुण्यात एका कार्यक्रमात ऐकलं होतं, मोठमोठ्या कंपन्या तो वापरतात. तो मुळात नोंदी इकडून तिकडे पोचवण्यासाठी आहे, धो धो वेगानं, आणि साठवून ठेवणं हे त्याचं जोडकाम. किती दिवस ठेवायचं, जुनं कधी साफ करायचं, हे सगळं त्याच्या सेटिंगमध्ये असतं. दिवसाला साठ-सत्तर टँकरांसाठी ते घेणं म्हणजे शेळ्या न्यायला मालगाडी मागवण्यासारखं होतं, असं ती म्हणाली.

मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, “तुला रजिस्टरच पाहिजे असेल तर रेल्वेत लाग. अनुकंपावर मिळेल.” तिचे वडील वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिनं लॅपटॉप मिटला आणि कंपनीच्या मालकांना सांगितलं की माझा विरोध लेखी नोंदवून घ्या. मालक म्हणाले, कशाला उगाच. तिसरा पर्याय ठरला.

सॉफ्टवेअर चालू करायच्या दिवशी मी लॅबमध्ये छोटंसं भाषण दिलं. वही भिजते, पान फाडता येतं, वहीला वाळवी लागते, यातलं यात काहीच होत नाही. केमिस्टनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, ह्यात ड्रायव्हरची सही कुठं घ्यायची?”

“मामा, सही कशाला? वेळ पडते, लॉगिन पडतं, सगळं आपोआप पडतं.”

“न्हाई, त्यो समोर हुता ह्ये कशावरनं कळायचं?”

“शेऱ्याचा रकाना आहे, त्यात लिहा हवं तर.”

त्यांनी माउस एकदा हलवून बघितला. मग म्हणाले, “आन् ह्यातनं काय जात न्हाई न्हवं?”

“एक अक्षर जात नाही. मी गेलो, तुम्ही गेलात, तरी ते राहणार.”

ते मी स्वतः म्हणालो. मॅनेजर म्हणाला, मग वही आता बंद, दोन दोन कामं नकोत. केमिस्टनी रजिस्टरच्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारली, तारीख घातली, आणि रजिस्टर त्याच्या हातात दिलं. त्यानंतर ते रिजेक्टच्या प्रत्येक नोंदीला शेऱ्यात टाइप करायचे, ड्रायव्हर हजर, सही घेण्यास जागा नाही; ड्रायव्हर निकालच मानत नसेल तर, सहीस नकार. एका बोटानं, अक्षर अक्षर शोधून. ते शेरे वाचून मला राग यायचा. मला टोमणा मारताहेत असं वाटायचं.

सहा महिन्यांनी त्रास सुरू झाला. लाइट गेली, सर्व्हर बंद पडला की परत चालू होताना तो पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी वाचायचा. त्यात टाक्यांचं तापमान दर मिनिटाला नोंदवलं जायचं, त्यामुळे डोंगर झालेला. आधी पाच मिनिटं, मग वीस, मग पाऊण तास. तेवढा वेळ गेट बंद आणि टँकर रस्त्यावर. दूध थांबत नाही. मॅनेजर फोनवर म्हणायचा, “पाव्हणं, बारा गाड्या उभ्या हायती उन्हात. दूध नासलं तर तुमच्या दारात आणून वतीन.”

दौंडवालीनं उपाय सांगितला. रोज सकाळची स्थिती एकदा काढून बाजूला ठेव, चालू होताना तिथून पुढचंच वाच, नोंदींना हात लावू नकोस. आठ दिवसांचं काम होतं. माझ्याकडे एका ओळीचं काम होतं. त्या स्टोअरमध्ये सफाईचं सेटिंग असतं. एकाच नावाच्या दोन नोंदी असल्या तर जुनी काढून टाकायची, शेवटची तेवढी ठेवायची. टाकीच्या तापमानाला त्या टाकीचं नाव. निकालाला टँकरचा नंबर, तारीख आणि फेरी. एका टँकरचा एका फेरीत एकच निकाल असणार, दोन कशाला असतील, असा मी विचार केला. केला म्हणजे चहा संपेपर्यंत केला. सेटिंग बदललं आणि पाऊण तासाचं काम दोन मिनिटांवर आलं. मालकांनी पाठ थोपटली. जी गोष्ट कधीच पुसायची नाही म्हणून सगळा खटाटोप केला, तीच पुसायचं बटण मी दाबलं होतं. मला ते कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं, पण तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “डेअरीला सांग. लेखी सांग.” मी सांगितलं नाही.

पुढचा उन्हाळा. दुधाची आवक घटली होती, पाकिटांच्या ऑर्डरी पुऱ्या होत नव्हत्या. एका सकाळी एक टँकर आला. तो वाहतूकदार मॅनेजरचा मेव्हणा. केमिस्टनी सॅम्पल घेतलं, सोडा ओळखायचे रोझॉलिकचे थेंब टाकले आणि नळीतलं दूध गुलाबी झालं. टँकर कॉस्टिकनं धुतला होता आणि नुसत्या पाण्यानं खंगाळायचं राहिलं होतं. टाक्या धुवायचा जहाल सोडा दुधात. त्यांनी रिजेक्ट टाकलं आणि पुढच्या टँकरवर सॅम्पल काढायला चढले. लॅबचा कॉम्प्युटर उघडा होता, कारण मीच तो उघडा ठेवायला सांगितला होता. कुणीतरी आत जाऊन त्याच टँकरला ‘स्वीकारला’ असा दुसरा निकाल दिला. रजिस्टरात ‘पुन्हा तपासले’ लिहून स्वतःची सही करायची ज्याची छाती झाली नसती, त्याला इथे एक बटण दाबायचं होतं, तेही दुसऱ्याच्या नावावर.

टाकी जवळजवळ रिकामी असल्यामुळे ते दूध जवळपास तसंच्या तसं पाकिटांत गेलं. दुसऱ्या दिवशी, ती पाकिटं जिथं गेली त्या एका निवासी शाळेतली पोरं उलट्या करायला लागली. तोंडं आतून सोललेली. एका लहान मुलीला पुण्याला हलवलं. ती वाचली, पण बरेच दिवस तिला नळीनं भरवावं लागलं.

चौकशीला मला लॅपटॉप घेऊन बोलावलं. मॅनेजरच्या केबिनमध्ये दोन सरकारी अधिकारी, मॅनेजर, आणि भिंतीला लागून उभे केमिस्ट. त्यांना खुर्ची दिली नव्हती. मी रेकॉर्ड उघडलं. त्या टँकरला निकालाची एकच नोंद होती. अकरा वाजून एकवीस मिनिटं, स्वीकारला, लॉगिन केमिस्टचं.

“सर, खाली बघा,” केमिस्ट म्हणाले. “त्येच्या आधीची. अकरा धाची. मी रिजेक्ट टाकलंय. शेऱ्यात बी लिव्हलंय, ड्रायव्हर सही देत न्हाई म्हनून.”

मी खाली बघितलं. मला माहीत होतं काय दिसणार ते. नोंदींना ओळीनं नंबर असतात, सफाई झाली की मधले नंबर गायब होतात. तिथे भोकंच भोकं होती, हजारो, तापमानाच्या गेलेल्या नोंदींची. त्यात एक त्यांचं होतं.

“एकच नोंद आहे,” मी म्हणालो.

अधिकाऱ्यांपैकी मोठ्यानं मला विचारलं, “यातून एखादी नोंद पुसली जाऊ शकते का?”

मॅनेजर माझ्याकडे बघत नव्हता. तो पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता. मला आठवलं की मालक त्याच आठवड्यात दोन मोठ्या डेअऱ्यांना हेच सॉफ्टवेअर दाखवणार होते. हेही आठवलं की चूक माझी निघेल, आणि दौंडवाली बरोबर ठरेल. खरं सांगायचं तर हे शेवटचं सगळ्यात आधी आठवलं.

“नाही सर,” मी म्हणालो. “या सिस्टीमची खासियतच ती आहे. घडलं ते राहतं.”

केमिस्टनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. माझंच बोलणं होतं ते, त्यांनी ते वर्षभर खरं मानलं होतं, आणि मला वाटतं त्या वेळी ते स्वतःलाच तपासत होते, की आपण खरंच रिजेक्ट दाबलं होतं ना. मग म्हणाले, “मग माझंच काय चुकलं आसंल तर बघा, सर. पर नळी गुलाबी झाली व्हती.”

बाहेर आल्यावर मॅनेजरनं माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाला, “वाचिवलं पाव्हणं तुमी. आन् त्या लोकांचं काय न्हाई ओ, त्यास्नी सवय आसती.” मी हात काढला नाही.

शिरूरला परत आल्यावर मला एक गोष्ट आठवली. टँकर आला त्याच दिवशी दुपारी साडेबाराला मी सर्व्हरची पूर्ण कॉपी माझ्या लॅपटॉपवर घेतली होती. नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला खरा डेटा हवा होता, डेअरीला न विचारता उचलला होता. सफाई रोज संध्याकाळी व्हायची. मी कॉपी उघडली. दोन्ही नोंदी होत्या. अकरा एकवीसची माहीतच होती. तिच्या वर अकरा दहाची: रिजेक्ट, कॉस्टिक, आणि शेरा. ‘ड्रायव्हर हजर. सहीस नकार. मॅनेजर साहेबांना फोनवर कळवले.’ मी ती दोनदा वाचली आणि फाईल बंद केली.

केमिस्टवर केस झाली. अटक, जामीन, नोकरी गेली. त्यांची बायको गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती, पोरांची खिचडी शिजवायची. काही घरांना तिच्या हातची खिचडी आधीपासूनच नको होती, तसं उघड म्हणता येत नव्हतं. आता म्हणता आलं. “नवऱ्यानं पोरास्नी इख पाजलं, हिच्या हातचं कसं घालायचं?” अर्ज गेला, तिला काढलं. हे मला दौंडवालीनं सांगितलं, माझ्या टेबलासमोर उभं राहून.

“सफाई चालू आहे हे तू त्यांना सांगितलंस का?” तिनं विचारलं.

“कुणी विचारलं नाही.”

“खोटं बोलतोस. तुला विचारलं होतं. मला मामांनी सांगितलंय.”

“मग तू सांग जाऊन.”

ती म्हणाली, मी सांगायला तयार आहे, पण सर्व्हर तुझ्या हातात, कोड तुझ्या नावावर, आणि मी विरोध केला होता त्याचा कागद मालकांनी होऊ दिला नाही. महिनाभरात तिनं नोकरी सोडली. जाताना तिनं फक्त चार्जर परत केला. मी तिचं साधं टेबल पुढच्या डेअरीच्या कामात वापरलं, बदलायची परवानगी कुणालाच न देता, अगदी तिनं सांगितलं होतं तसं. चांगलं चालतं. लोक विचारतात कुणाची कल्पना, तेव्हा मी गप्प बसतो आणि ते माझीच समजतात.

मग गेल्या वर्षी एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला केमिस्ट ऑफिसात आले. केडगावहून चौफुला, चौफुल्याहून न्हावऱ्यावरून शिरूर, दोन गाड्या बदलून. हल्ली ते एका रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये बाटल्या धुतात. हातात कापडी पिशवी होती. मी बसा म्हणालो, ते खुर्चीच्या कडेवर बसले.

“सर, दौंडच्या ताईंनी सांगितलं की ह्यातनं नोंद जाती.”

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

“वकील म्हणत्यात, ज्यानं केलं त्यानं सांगाया पायजे. तुम्ही फकस्त एवढंच म्हणायचं, की जाऊ शकती. कुणी दाबलं, का दाबलं, ते तुम्हाला कोण इचारणार न्हाई. कुणाचं नाव घ्यायची गरज न्हाई.”

माझा लॅपटॉप आमच्या दोघांच्या मध्ये उघडा होता. तीच फाईल त्यात होती. मी ती काढून टाकली नव्हती, का ते मला सांगता येत नाही. मला फक्त तो लॅपटॉप त्यांच्याकडे वळवायचा होता. हात लांब करायचीही गरज नव्हती.

“मामा, ते माझ्या हातात नाही,” मी म्हणालो. “कंपनीच्या परवानगीशिवाय मला बोलता येत नाही.”

“मंग परवानगी इचारा की.”

“नाही मिळणार.”

“इचारलं का?”

“नाही. आणि विचारणार नाही.”

हे शेवटचं मी का म्हणालो मला ठाऊक आहे. मला ते जायला हवे होते. त्यांची ती गुळगुळीत बोटं टेबलावर होती, आणि मला ती बघवत नव्हती.

त्यांनी मान हलवली. पिशवीतून एक वही काढली. दोनशे पानी, साधी, पण आखलेली तशीच. तारीख घातली. भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ घातली, अकरा वाजून दहा. योगायोग होता, पण मला तो त्यांनी मुद्दाम केल्यासारखा वाटला आणि मी चिडलो. ते सावकाश लिहीत होते. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली. ‘शिरूर ऑफिस. सिस्टीममधून नोंद पुसली जाते असे कोर्टात सांगावे अशी विनंती केली. नकार दिला. समक्ष हजर.’ पुढे सहीसाठी चौकट आखलेली. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

“हे काय?”

“रिजेक्टला समोरच्याची सही लागती, सर.”

“मी नाही करणार.”

“बरं.”

ते थांबले. नळीत थेंब टाकल्यावर रंग यायला थांबतात तेवढंच. माझ्याकडे बघत नव्हते, चौकटीकडे बघत होते. मग वही स्वतःकडे वळवली आणि त्या चौकटीत, माझ्यासमोर, नीट अक्षरात लिहिलं, ‘सहीस नकार’. खाली स्वतःची सही केली, वही पिशवीत घातली, आणि उठले.

“येतो सर,” ते म्हणाले.

जिना उतरताना त्यांची चप्पल वाजत होती, ती बंद होईपर्यंत मी बसून राहिलो. मग जेवलो. जेवण झाल्यावर ती फाईल काढून टाकली, आणि परत मिळणार नाही अशी काढून टाकली. ते मला चांगलं जमतं.

नावं न घालण्याचं दुसरं कारण सांगतो म्हणालो होतो. हे लिहायच्या आधी मी एका वकिलाला विचारून घेतलं. ज्यात कुणाचं नाव नाही, ज्याच्या खाली सही नाही, अशा लिखाणाचा कोर्टात काही उपयोग होत नाही, असं तो म्हणाला. मी त्याला दोनदा विचारलं, नक्की ना. केमिस्टची पुढची तारीख येत्या सोमवारी दौंडला आहे.